न शिकवलेले व्याकरण

मराठी व्याकरणाचा तास म्हटला की अनेकांच्या कपाळावर आजही आठ्या पडतात. सामान्यरूप, विभक्ती, कर्तरी प्रयोग, कर्मणी प्रयोग ही नावे घोकताना शाळेत आपली किती तारांबळ उडाली होती! परंतु ज्या नियमांची ही नावे आहेत, ते नियम त्या वेळी आपल्याला येत नव्हते काय? शाळेची पायरी चढण्यापूर्वीच ते आपल्या जिभेवर होते. ‘राजू आंबा खातो’, ‘राजू पोळी खातो’ असे म्हणणारे लहान मूल कालची हकिकत सांगताना ‘राजूने आंबा खाल्ला’ पण ‘राजूने पोळी खाल्ली’ असे म्हणते. वर्तमानकाळात क्रियापद राजूच्या मागे चालत होते. भूतकाळात ते राजूला सोडून आंब्याच्या आणि पोळीच्या मागे गेले. हा बदल त्या मुलाला कोणी समजावून सांगितला? त्याच्या आईला विचारावे तर ती म्हणेल, “मी कुठे शिकवले, फादर? ते आपोआप आले.”

या ‘आपोआप’ शब्दाने मला फार दिवस विचारात पाडले आहे. सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो ते काही आपोआप आले नाही. ‘रोझा, रोझे, रोझे, रोझाम’ असे नामांचे तक्ते आम्ही येरझाऱ्या घालत पाठ करीत असू. संज्ञा ठाऊक, नियम ठाऊक, अपवादही ठाऊक; तरीसुद्धा साधे एक वाक्य रचायचे म्हटले की तो तक्ता आधी डोळ्यांसमोर आणावा लागे. आम्ही वीस-बावीस वर्षांचे, शिकलेले, अभ्यासाची सवय असलेले तरुण. उलट एकेकाळी हीच लॅटिन तीन-चार वर्षांची पोरे अंगणात भांडताना बोलत होती.

अशाच एका पोराने मोठेपणी त्याविषयी लिहून ठेवले आहे. इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या गावी जन्मलेले संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात आपण बोलायला कसे शिकलो याचे वर्णन केले आहे. मोठी माणसे एखाद्या वस्तूकडे वळत आणि एक आवाज काढत. त्यांची नजर, चेहरा, हातवारे पाहून हा आवाज म्हणजे त्या वस्तूचे नाव, असे आपण ताडले, असे ते म्हणतात. पुढे ते आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदवतात. शाळेत छडीच्या धाकाने शिकवलेली ग्रीक भाषा त्यांना कडू वाटली. मात्र लॅटिन त्यांना दायांच्या लाडिक बोलण्यातून, हसण्याखेळण्यातून, कोणत्याही धाकाविना आली.

ऑगस्टीन यांच्या या वर्णनाला एक उणीव आहे. विसाव्या शतकातील तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइन यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाचा आरंभ ऑगस्टीन यांच्या याच उताऱ्याने केला आणि म्हटले की, हे वर्णन नामांपुरते ठीक आहे. बाकीच्या शब्दांचे काय? आंब्याकडे बोट दाखवून ‘आंबा’ शिकवता येईल. पण ‘पण’ शिकवण्यासाठी बोट कोठे दाखवायचे? ‘राजूने’ या शब्दातला ‘ने’ कोणत्या दिशेला असतो?

आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. आई पिशवी उचलून म्हणाली, ‘आम्ही बाजारात चाललो,’ तर मूल भोकाड पसरते. तीच आई ‘आपण बाजारात चाललो’ असे म्हणाली, तर ते चपला शोधायला धावते. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आणि ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून, हा भेद लॅटिनमध्ये नाही, इंग्रजीत नाही. त्यामुळे प्रभूने शिकवलेली प्रार्थना मराठीत आणणाऱ्यांना लॅटिनमध्ये न पडलेला एक प्रश्न सोडवावा लागला असणार. आपण देवाला ‘आमचा’ पिता म्हणतो. तो पिता स्वतः ऐकत आहे, आणि तो काही त्या लेकरांपैकी एक नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेल्या पोराला हे व्याकरण सांगायला गेलो तर ते जांभई देईल. पण त्या प्रार्थनेत ते कधी चुकून ‘आपला’ म्हणणार नाही.

मग हे येते कुठून? पहिले उत्तर सोपे आहे : मुले अनुकरण करतात. अनुकरणाशिवाय भाषा येत नाही हे उघड आहे. वसईत वाढलेले मूल तमिळ बोलत नाही. परंतु दोन-तीन वर्षांची मुले ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतात, ‘सांगितलं’ऐवजी ‘सांगलं’ म्हणतात, हे आपण ऐकले असेल. घरात कोणीही ‘करलं’ म्हणत नसते. ज्याचे अनुकरण करावे असे कोणी नाही, तो शब्द मुलाने स्वतः घडवला आहे. ‘बसलं’, ‘धरलं’, ‘मारलं’ यांवरून त्याने नियम काढला आणि ‘कर’ या धातूला लावला. आपण त्याला चूक म्हणून हसतो; वास्तविक नियम समजल्याचा तो पुरावा आहे.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन अभ्यासिकेने हीच गोष्ट एका खेळातून दाखवली. तिने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याला एक निरर्थक नाव दिले. मग तसेच दोन प्राणी दाखवून नाव विचारले. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन मुलांनी बरोबर केले. हा खेळ मी एका रविवारी आमच्या लहान मुलांबरोबर मराठीत खेळलो. फळ्यावर एक वेडावाकडा प्राणी काढला आणि म्हटले, “हा ठुबा. आता इथे दोन आहेत. दोन काय?” “दोन ठुबे!” असा एकच गलका झाला. “याला भूक लागली आहे. कोणाला खाऊ देऊ या?” “ठुब्याला!” जगात ठुबा नावाचा प्राणी नाही आणि ‘ठुब्याला’ हा शब्द त्या क्षणापूर्वी कोणाच्या तोंडून निघाला नसावा. वर्गातल्या मोठ्या मुलांना मात्र ‘सामान्यरूप म्हणजे काय?’ असे विचारताच शांतता पसरली.

दुसरे उत्तर असे की, पालक चुका सुधारतात आणि मूल शिकते. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राऊन यांनी १९६०च्या दशकात तीन मुलांचे बोलणे दीर्घकाळ ध्वनिमुद्रित केले. त्या मुलांना त्यांनी टोपणनावे दिली ती आपल्या चांगल्या परिचयाची आहेत : आदाम, एवा आणि सारा. १९७०मध्ये ब्राऊन आणि त्यांच्या सहकारी कॅमिल हॅनलन यांनी दाखवून दिले की, आईवडील मुलांचे व्याकरण फारसे सुधारत नाहीत. ते सुधारतात ते खरे-खोटे. छोटी एवा आपल्या आईविषयी अशा अर्थाचे म्हणाली की, मम्मा मुलगा नाही, ‘तो’ मुलगी आहे. आईने लगेच होकार दिला. लिंग चुकले, क्रियापद गळाले; परंतु विधान सत्य होते. ब्राऊन यांनी गमतीने म्हटले आहे की, अशा शिक्षणातून मोठेपणी माणसे निर्दोष व्याकरणात खोटे बोलू लागतात, हे नवलच! आपल्या घरांतही निराळे घडत नाही. मूल ‘मी खिडकी नाही फोडलं’ म्हणाले तर आपण ‘फोडली’ असे सांगत बसत नाही. खिडकी कोणी फोडली ते विचारतो.

या कोड्यावर आधुनिक काळातला मोठा वाद १९५०च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली भाषा ही सवय आणि बक्षीस यांतून घडणारी वर्तणूक आहे असे मांडले. १९५९मध्ये नोम चॉम्स्की यांनी त्यावर कठोर टीका केली. मूल जे ऐकते ते अपुरे, तुटक आणि सदोष असते. तरीही ते जे व्याकरण मिळवते ते संपूर्ण आणि सूक्ष्म असते. तेव्हा मानवी भाषांच्या मूळ घडणीचे काही ज्ञान त्याने जन्मतःच आणलेले असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसलेल्यांना हा वाद नवा नाही. इंद्रियांतून आल्याशिवाय बुद्धीत काही येत नाही, हे वचन आम्ही शिकलो होतो. आणि त्यावर लायब्नित्स यांनी जोडलेली पुस्तीही शिकलो होतो, की स्वतः बुद्धी तेवढी याला अपवाद आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार आहे. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना फक्त दोन मिनिटे निरर्थक अक्षरांची एक अखंड माळ ऐकवली. कोणते अक्षर कोणत्या अक्षरामागून नेहमी येते, हे त्या बाळांनी तेवढ्यात टिपले होते. म्हणजे मुलाचे कान आपल्याला वाटते त्याहून कितीतरी अधिक हिशेब ठेवतात. मायकेल टोमासेलो यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की, दुसऱ्याचा हेतू ओळखण्याची आणि नमुने शोधण्याची शक्ती मुलात असते. तेवढ्यावर व्याकरण उभे राहू शकते, वेगळे जन्मजात व्याकरण मानण्याची गरज नाही. आणि आता तर यंत्रेही केवळ मजकूर वाचून शुद्ध वाक्ये लिहू लागली आहेत. मात्र २०२० साली पुढे आलेल्या जीपीटी-३ या यंत्रणेला त्यासाठी सुमारे ३०० अब्ज शब्दखंड वाचवावे लागले. दहा वर्षांच्या मुलाने ऐकलेले सगळे शब्द मोजले तरी ते सर्वसाधारणपणे दहा कोटींच्या आत भरतील असा अंदाज आहे. इतक्या थोड्या शिदोरीवर मूल इतका लांबचा पल्ला गाठते, तेव्हा त्याच्या पदरी आधीचे काहीतरी आहे हे दोन्ही पक्ष मान्य करतात. ते व्याकरण आहे की व्याकरण शोधण्याची शक्ती, एवढाच वाद उरला आहे; आणि तो अद्याप मिटलेला नाही.

या वादात मला सर्वांत बोलकी साक्ष वाटते ती ज्यांना काहीच ऐकू येत नाही अशा मुलांची. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात १९७७ साली मानाग्वा शहरात विशेष शिक्षणाचे एक केंद्र सुरू झाले आणि १९७९च्या क्रांतीनंतर तेथील कर्णबधिर मुलांची संख्या पुष्कळ वाढली. तोवर ही मुले आपापल्या घरी एकेकटी होती. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवू पाहत होते. त्यात यश फारसे येत नव्हते. परंतु मैदानावर आणि शाळेच्या गाडीत मुले आपापल्या घरच्या खुणा एकत्र आणू लागली. १९८६मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल तेथे गेल्या, तेव्हा त्यांना दिसले की, मुलांच्या हातांत एक नवी भाषा जन्माला येत आहे. पुढे २००४ साली अ‍ॅन सेंगस आणि सहकाऱ्यांनी एक बारकावा दाखवला. उतारावरून गडगडत खाली जाणे दाखवताना ऐकू येणारी माणसे गडगडणे आणि खाली जाणे हातांनी एकदमच दाखवतात. पहिल्या पिढीतील मुलेही बहुतेक तसेच करीत. नंतर आलेल्या लहान मुलांनी मात्र त्याचे दोन शब्द केले, आधी ‘गडगडणे’ आणि मग ‘खाली’, आणि ते क्रमाने जोडले. कोणत्याही मोठ्या माणसाने त्यांना असे शिकवले नव्हते. त्यांच्या आधीच्यांच्या हातांत जे नव्हते ते या लहानग्यांनी घातले.

यापूर्वी दोन शतके पॅरिसमध्ये आमच्याच एका धर्मबंधूने याची झलक पाहिली होती. फादर शार्ल-मिशेल द लेपे यांना १७६०च्या सुमारास दोन कर्णबधिर बहिणी भेटल्या आणि त्यांनी आपले उर्वरित आयुष्य कर्णबधिरांच्या शिक्षणाला वाहिले. विद्यार्थ्यांच्या खुणा त्यांनी आदराने शिकून घेतल्या. मात्र त्यांत व्याकरण नाही असे वाटून त्यांनी फ्रेंचचे काळ, लिंग आणि उपपदे दाखवणाऱ्या नव्या खुणा रचल्या. विद्यार्थी वर्गात त्या वापरत, आपापसांत मात्र स्वतःच्या पद्धतीने बोलत. १७७९ साली प्येर देलोज या कर्णबधिर पुस्तकबांधणी कामगाराने पुस्तक लिहून सांगितले की, पॅरिसच्या बहिऱ्यांची स्वतःची पुरेशी भाषा आहे. जगाने ते लवकर ऐकले नाही. १८८०च्या मिलान येथील परिषदेने शाळांत खुणांऐवजी केवळ उच्चारशिक्षणाचा आग्रह धरला, आणि त्या परिषदेचे अध्यक्ष ज्युलिओ तारा हेही धर्मगुरूच होते. मुलांचे हात कित्येक शाळांत अनेक दशके बांधल्यासारखे राहिले. २०१०मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेने मिलानचे ते ठराव नाकारून खेद व्यक्त केला. आपल्या मुंबईतही १८८०च्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिरांची शाळा सुरू झाली; भारतातील अशा शाळांत ती पहिली मानली जाते.

हा सारा इतिहास मला केवळ पुस्तकी वाटत नाही, याला कारण आहे. मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे एका घरी चार वर्षांची कर्णबधिर मुलगी होती. ‘हाताने खुणा केल्या तर ती बोलायला शिकणार नाही,’ असे कोणी जाणत्याने आईवडिलांना बजावले होते, आणि ती बिचारी माणसे जिवावर दगड ठेवून लेकीचे हात खाली दाबत. तिची आजी मात्र कोणाचे ऐकणाऱ्यांतली नव्हती. आजी आणि नात यांच्यात पाच-पन्नास खुणांचा संसार होता. मी पाहिले की, मुलगी ‘मासा’ आणि मग ‘खाणे’ याच क्रमाने हात हलवी, ‘विहीर’ आणि मग ‘बघणे’. गोल्डिन-मेडो या संशोधिकेने अमेरिकेतील आणि तैवानमधील अशाच मुलांच्या घरगुती खुणांत हाच क्रम आढळल्याचे लिहिले आहे, हे मी नंतर वाचले. देणगी त्या मुलीजवळ होती. उणीव होती ती संगतीची. घरगुती खुणांवर मासा मागता येतो. ‘पुढच्या आठवड्यात मावशी का येणार नाही’ हे विचारता येत नाही.

अखेर कुटुंबाला शहरातील एक कर्णबधिर दाम्पत्य भेटले. दर शनिवारी आई मुलीला घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागली. तेथे तिच्याएवढी आणि तिच्याहून मोठी मुले होती. काही महिन्यांनी ती घरी आली ती एक नवी खूण घेऊन. आजीच्या पदराला धरून ती एकसारखी तीच खूण करी आणि आजीला ती कळेना. आईने सांगितले, “अहो आत्याबाई, ती ‘का’ म्हणते आहे.” आजीने ती खूण नातीकडून शिकून घेतली. त्या दिवसापासून त्या घराला उसंत मिळाली नाही, आणि कोणाची तक्रारही नव्हती.

संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. जखम भरून काढते ती शरीराची स्वतःची शक्ती. वैद्य त्या शक्तीला साहाय्य करतो. भाषेच्या बाबतीत मला ही उपमा फार समर्पक वाटते. व्याकरणाची शक्ती मूल घेऊन येते. पण ती बंद खोलीत उमलत नाही, आणि ती उमलण्याचा काळही मर्यादित असतो. एलिसा न्यूपोर्ट यांनी अमेरिकन सांकेतिक भाषा वापरणाऱ्या प्रौढांचा अभ्यास करून १९९०मध्ये दाखवले की, जन्मापासून ती भाषा मिळालेल्यांचे व्याकरण बारा वर्षांनंतर शिकलेल्यांपेक्षा कितीतरी पक्के असते, मग पुढे तीस वर्षे ती वापरली तरीही. गेलेली वर्षे नंतरच्या मेहनतीने पुरतेपणी भरून निघत नाहीत.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील तरुण आईवडिलांना माझे सांगणे आहे. बाळाला व्याकरण शिकवू नका, त्याची गरज नाही. त्याच्याशी बोला. ज्या भाषेत तुम्ही रागावता, हसता, अंगाई म्हणता, ती तुमची बोली असली तरी निःसंकोच तिच्यात बोला. मोडक्यातोडक्या परक्या भाषेच्या दहा वाक्यांपेक्षा तिच्यातली भरभरून शंभर वाक्ये मुलाला अधिक देतात. शाळेची भाषा शाळेत येईल. पुढ्यात ठेवलेला मोबाईल मात्र बाळाच्या नजरेला नजर देत नाही आणि त्याच्या ‘का’ची वाटही पाहत नाही.

आणि एखाद्या घरी ऐकू न येणारे मूल जन्माला आले, तर यंत्र बसवा, उपचार करा, उच्चारशिक्षणही द्या. परंतु त्याचे हात धरून ठेवू नका. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०१८मध्ये तीन हजार शब्दांचा तिचा पहिला कोश तयार झाला. ही भाषा शिकता येते. मुलासाठी आईवडिलांनी ती शिकावी, आजीआजोबांनी शिकावी, आणि आम्हा धर्मगुरूंपैकी व शेजाऱ्यांपैकी दोघा-चौघांनी तरी शिकावी. नियम शोधण्याचे काम ते मूल स्वतः करील. त्याला बोलायला माणसे हवी आहेत, आणि तेवढे आपल्या हाती आहे.